भाव दिसतो तिथंच बदलायचा: चाटी गल्लीतल्या एका दरपत्रकाचं प्रकरण

सोलापुरात चाटी गल्लीत चादरी, टॉवेल आणि नॅपकिनचा घाऊक व्यापार करणारं एक घरचं दुकान आहे. त्यांच्या वेबसाइटवर खऱ्या कामाचं पान एकच, दरपत्रक. मालाचं नाव, इंचातलं माप, नगाचा भाव, डझनाचा भाव आणि शेवटी शेरा. शेऱ्यात ‘लाल-काळा संपला’, ‘पुढच्या गाठी आल्यावर’ असा मजकूर. लातूर, विजयपुरा, कलबुर्गी, हैदराबादकडचे व्यापारी हे पान बघून फोन करतात. सुताचा भाव हलला की चादरीचा हलतो, पण पानावरचा आकडा काही हलत नव्हता. व्यापारी पानावरचा जुना भाव वाचून दाखवायचे, दुकानाचे मालक अण्णा नवा सांगायचे, आणि सौद्याच्या आधी त्यावरूनच वाद व्हायचा.

भाव बदलायची सोय नव्हती असं नाही. आधी कोणीतरी ॲडमिन पॅनेल करून दिलं होतं. त्यात लॉगिन करायचं, मालाची लांबलचक यादी उघडायची, हवी ती ओळ शोधायची, चौकटीत आकडा लिहायचा आणि खाली जाऊन बटण दाबायचं. हिशेबाचं काम अण्णांच्या सूनबाई बघतात. मी त्यांना वहिनी म्हणतो. गल्ल्यावर बसून, एका हातात फोन धरून त्यांना हे करावं लागायचं. पॅनेलमधला मालाचा क्रम पानावरच्या क्रमाशी जुळत नव्हता. त्यामुळे डबल बेड चादरीचा भाव सिंगल बेडपुढे पडला आणि एक ऑर्डर त्या भावानं गेली. त्यानंतर वहिनींनी पॅनेल उघडायचंच बंद केलं. भाव कागदावर लिहायचा, त्याचा फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचा, हे सुरू झालं.

अण्णांनी मला बोलावून पान दाखवलं आणि म्हणाले, “भाव इथं दिसूलालाय, मग इथंच खोडून लिहिता का येईना?”

त्यांचा प्रश्न बरोबर होता. आकडा वाचायची जागा एक आणि लिहायची जागा दुसरी असली की मधल्या वाटेवर ओळ चुकते. दुसरे पर्याय होते. गूगल शीट पानात बसवता आलं असतं, पण प्रकाशित शीटमधला बदल पानावर उमटायला काही मिनिटं जातात आणि फोनवर शीट हाताळणं वहिनींना नको होतं. एका पानासाठी वर्डप्रेस उभं करणं मला पटलं नाही. दरपत्रकाच्या खान्यातच लिहिता येईल असं करायचं ठरलं.

लिहिता आलं म्हणजे बदललं असं नाही

काम सुरू करण्याआधी मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्यांचंच पान उघडलं, क्रोमच्या कन्सोलमध्ये (ब्राउझरला थेट आज्ञा द्यायच्या खिडकीत) ‘डॉक्युमेंट.डिझाइनमोड’ची किंमत ‘ऑन’ केली आणि माउस वहिनींच्या हातात दिला. अख्खं पान लिहिण्याजोगं झालं. वहिनींनी ४५० खोडून ४८० लिहिलं आणि म्हणाल्या, “झालं की! एवढंच होतं?” मी पान पुन्हा लोड केलं. ४५० परत आले.

ब्राउझरमध्ये दिसतं ती सर्व्हरकडून आलेली प्रत असते. त्या प्रतीवर कोणीही, कुठल्याही वेबसाइटवर, वाटेल ते लिहू शकतो. मूळ जागी काहीच फरक पडत नाही. हे दाखवण्यामागे माझा एक हेतू होता. हीच करामत समोरचा व्यापारीही करू शकतो: आपल्या ब्राउझरमध्ये ४८० चे ४२० करायचे, स्क्रीनशॉट काढायचा आणि पाठवून द्यायचा. त्या चित्रात पत्ता, नाव, रंग सगळं खरं दिसतं. भावाचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, हे दुकानदारानं मनात पक्कं ठेवायला हवं. म्हणून आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं की प्रत्येक बदलाची नोंद सर्व्हरवर राहील: जुना भाव, नवा भाव, कोणी बदलला, कधी बदलला. पानावर प्रत्येक ओळीत ‘या तारखेपासून लागू’ हेही दिसेल. या नोंदवहीचा उपयोग पुढे लिहिण्याच्या सोयीइतकाच झाला.

कुठं लिहू द्यायचं

एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेत, एखादा घटक लिहिण्याजोगा करायला ‘कंटेंटएडिटेबल’ हा एक गुणधर्म पुरतो. मायक्रोसॉफ्टनं तो २००० साली इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ मध्ये आणला, बाकीच्या ब्राउझरांनी पुढे उचलला आणि एचटीएमएल ५ च्या प्रमाणकात त्याला जागा मिळाली. त्याची किंमत, म्हणजे त्याला दिलेलं मूल्य, ‘ट्रू’ (हो), ‘फॉल्स’ (नाही) किंवा ‘प्लेनटेक्स्ट-ओन्ली’ (नुसता मजकूर) असते. किंमत रिकामी ठेवली तर ती ‘ट्रू’ धरतात. चुकीची किंमत लिहिली, उदाहरणार्थ ‘नो’, तर घटक आपल्या पालक घटकाचं वागणं उचलतो. बंद करायला ‘फॉल्स’ हाच शब्द लागतो, आणि नवशिके इथं हमखास अडकतात.

पालकाचं वागणं मुलांकडे जातं, त्यामुळे मोह असा होतो की अख्ख्या तक्त्यालाच ‘ट्रू’ लावावं. तसं करू नये. तक्ता लिहिण्याजोगा झाला की ‘सगळं निवडा’ आणि ‘डिलीट’ या दोन कळांत दरपत्रक साफ होतं. खान्यात एंटर दाबला की नवा डिव्ह, म्हणजे मजकुराचा वेगळा ठोकळा, जन्माला येतो. एक्सेलमधून काही चिकटवलं तर खान्याच्या आत दुसरा तक्ता, त्याच्या रंगांसकट, येऊन बसतो.

म्हणून फक्त नगाचा भाव, डझनाचा भाव आणि शेरा या तीन खान्यांतल्या मजकुराला हा गुणधर्म लावला. मालाचं नाव मुद्दाम कुलूपबंद ठेवलं. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल ही भौगोलिक मानांकन मिळालेली नावं आहेत. दुकानात बाहेरून येणारा मालही असतो, आणि बोट घसरून त्याच्यापुढे ‘सोलापुरी’ पडलं तर ते निस्तरणं सोपं नाही. नाव बदलायचं किंवा नवी ओळ घालायची असेल तर वेगळा, साधा फॉर्म आहे. ती कामं क्वचित निघतात, तिथं चार पावलं जास्त चालतात.

रुपयाचं चिन्ह खान्याच्या मजकुरात ठेवलंच नाही. ते सीएसएसमधून, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांतून, मजकुराच्या आधी उमटवलं, त्यामुळे ते खोडता येत नाही आणि वाचलेल्या आकड्यात मिसळतही नाही. लिहिता येणाऱ्या जागेखाली तुटक रेघ दिली. त्यासाठी ‘रीड-राइट’ हा सीएसएसचा निवडक आयता मिळतो: जिथं लिहिता येतं तिथंच तो लागू होतो. व्यापाऱ्याला तेच पान साधं दिसतं, वहिनींनी लॉगिन केलं की रेघा उमटतात.

भावाच्या खान्यात साधा इनपुट, म्हणजे फॉर्ममधली लिहायची चौकट, ठेवला असता तरी चाललं असतं का? चाललं असतं, आणि निव्वळ आकड्यांचं काम असेल तर मी बहुतेकांना तेच सांगेन. इथं दोन गोष्टी आड आल्या. हेच पान छापून भिंतीला लावतात आणि चित्र करून पाठवतात, तेव्हा चौकटींची जाळी नको होती. आणि शेरा कधी दोन शब्दांचा, कधी तीन ओळींचा. तो मजकुरासारखा आपोआप वळायला हवा होता. दोन तऱ्हेची यंत्रणा ठेवण्यापेक्षा एकच बरी.

चिकटवणं आणि एंटर

तिन्ही खान्यांना किंमत दिली ‘प्लेनटेक्स्ट-ओन्ली’. यात ठळक, तिरपं, रंगीत असं काही आत येऊच शकत नाही. चिकटवलं तरी नुसती अक्षरं येतात. क्रोम आणि सफारीत हे बरीच वर्षं आहे, फायरफॉक्समध्ये १३६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२५ पासून. दुकानातला एक जुना कॉम्प्युटर त्याआधीच्या फायरफॉक्सवर होता. जुन्या ब्राउझरला जावास्क्रिप्टमधून (पानात चालणाऱ्या कोडमधून) ही किंमत द्यायला गेलं की तो चूक फेकतो. ती चूक पकडायची, ‘ट्रू’ लावायचं आणि चिकटवण्याची घटना अडवून फक्त साधा मजकूर आत घालायचा, एवढ्यानं भागलं.

साधा मजकूर म्हणजे एकाच ओळीचा मजकूर असं मात्र नाही. एक्सेलचा एक खाना उचलला तरी शेपटीला नवी ओळ येते. म्हणून जतन करताना ओळी आणि टॅब काढून एक मोकळी जागा ठेवतो.

भाव लिहून एंटर दाबला की काम झालं, ही सवय सगळ्यांना असते. इथं एंटर नवी ओळ करतो. फोनच्या कीबोर्डवर कोणती कळ दाबली ते कीडाउन घटनेत (कळ दाबली की ब्राउझर देतो त्या सूचनेत) नेहमी कळतही नाही, बरेचदा २२९ हा एकच क्रमांक येतो. म्हणून ‘बिफोरइनपुट’ या घटनेवर भिस्त ठेवली. आता परिच्छेद किंवा ओळ तुटणार आहे असं ती आधी सांगते. तेवढं अडवायचं आणि खाना सोडून द्यायचा. ‘एंटरकीहिंट’ला ‘डन’ दिलं की फोनवरच्या त्या कळीचं रूपही त्याप्रमाणे बदलतं. एस्केप दाबला तर जुना मजकूर परत.

आकडा

मला या कामात सगळ्यात जास्त विचार इथं करावा लागला.

भावाच्या खान्याला ‘इनपुटमोड’ची किंमत ‘डेसिमल’ दिली, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड वर येतो. तरीही दुकानातल्या कॉम्प्युटरवर वहिनी मराठीत लिहितात आणि देवनागरी आकडे येतात. जावास्क्रिप्टला ‘४५०’ या अक्षरांची संख्या करायला सांगितली तर उत्तर मिळतं: ही संख्या नव्हे. रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीत, अंक शोधायची जी नेहमीची खूण आहे, तिलाही फक्त इंग्रजी अंक कळतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्य ते नऊ सलग बसवले आहेत. सांकेतिक क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा केला की अंक हातात येतो. काम दोन ओळींचं आहे, पण ते केलं नाही तर मराठीत भाव लिहिणाऱ्याला पान ‘चुकीची माहिती’ म्हणून परत पाठवतं. त्याच्या आकड्यात चूक काहीच नसते, म्हणून मला हे फार लागतं. मराठी माणसासाठी बनवलेल्या पानात मराठी अंक चालायलाच हवेत.

पुढची अडचण व्यापाऱ्याच्या हाताची. भाव कोणी नुसता ‘१२५०’ लिहीत नाही. ‘१,२५०’ लिहितात, ‘१२५०/-’ लिहितात, ‘रु.१२५०’ लिहितात. अंक आणि टिंब ठेवून बाकी सगळं काढून टाकायचं, हा सरधोपट उपाय इथं घातक ठरतो. ‘रु.१२५०’ मधला ‘रु’ गेला आणि टिंब राहिलं तर संख्या होते शून्य पूर्णांक एकशे पंचवीस सहस्रांश, म्हणजे साडेबाराशेची चादर साडेबारा पैशांना. ‘४५०-४७०’ अशी भावाची पट्टी लिहिली आणि मधली रेघ काढली तर चादर होते साडेचार लाखांची. म्हणून ओळखीच्या खुणा तेवढ्या नावानिशी काढतो: सुरुवातीचं ‘रु.’ किंवा रुपयाचं चिन्ह, शेवटचं ‘/-’, मधले स्वल्पविराम. उरलेल्यात अंक आणि फार तर एक टिंब सोडून काहीही दिसलं, तर अंदाज न बांधता खाना लाल करायचा आणि खाली लिहायचं, ‘एकच आकडा लिहा’. भाव आधीच्या भावापेक्षा फारच वर किंवा खाली गेला तरी पान एकदा विचारतं.

दाखवताना ब्राउझरची स्वतःची आकडे मांडायची सोय वापरली. मराठी, भारत असं सांगितलं की ती देवनागरी अंक देते आणि लाख-हजारांचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं टाकते. हैदराबादच्या व्यापाऱ्यांसाठी इंग्रजी अंकांचं बटण ठेवलं. साठवणीत मात्र एकच साधी संख्या असते.

शेरा आणि मराठी टंकन

शेऱ्यात मराठी वाक्यं येतात आणि तिथं वेगळाच धोका असतो. फोनवर किंवा लिप्यंतराच्या कीबोर्डवर मराठी लिहिताना शब्द तात्पुरत्या अवस्थेत असतो. पर्याय निवडला की मग पक्का होतो. या मधल्या काळात पानानं खान्यातला मजकूर पुन्हा भरला, तर अर्धा शब्द तुटतो आणि कर्सर उडी मारून सुरुवातीला जातो. दर अक्षराला जतन करून खाना नव्यानं रंगवणारी पानं मराठीत लिहिताना इतकी त्रास देतात ती यामुळे. इंग्रजीत तपासलं तर हा दोष बहुधा दिसतच नाही.

आम्ही नियम केला: बोट खान्यात आहे तोवर पानानं तिथं हात घालायचा नाही. तपासणी, मांडणी, जतन, सगळं खाना सोडल्यावर. एंटर आला तरी शब्द अजून जुळतोय का हे ‘इझकंपोझिंग’वरून आधी पाहायचं. ‘स्पेलचेक’ बंद केलं, कारण ‘जेकार्ड’ आणि ‘नग’ यांच्याखाली लाल नागमोडी रेघा वहिनींना नको होत्या.

‘नवीन माल’ लाल अक्षरांत हवा, अशी अण्णांची मागणी होती. त्यासाठी पूर्वी ‘एक्झेककमांड’ ही ब्राउझरची आज्ञा वापरत. ते अजून चालतं, पण प्रमाणकानं केव्हाच बाजूला ठेवलेलं आहे आणि प्रत्येक ब्राउझर वेगळी खूण घालतो. ओळीच्या टोकाला ‘नवीन’ अशी खुणेची चौकट दिली. तिच्यात टिक केली की ओळ लाल.

जतन

कंटेंटएडिटेबल खाना हा फॉर्मचा घटक नव्हे. त्याला नाव नसतं, फॉर्मबरोबर तो सर्व्हरकडे जात नाही, ‘चेंज’ ही घटना त्याला मिळत नाही, कमाल लांबी किंवा ‘हे भरायलाच हवं’ असं सांगण्याची सोयही नसते. हे सगळं आपण करायचं. खान्यात शिरताना जुना मजकूर लक्षात ठेवायचा, बाहेर पडताना तुलना करायची, फरक असेल तरच पाठवायचा. मजकूर वाचायचा आणि लिहायचा तो ‘टेक्स्टकंटेंट’नं (नुसती अक्षरं), ‘इनरएचटीएमएल’नं (एचटीएमएलच्या खुणांसकट) कधीच नाही, नाहीतर शेऱ्यात घुसलेला एखादा टॅग उद्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालेल. मजकूर पूर्ण खोडला तरी ब्राउझर आत एखादी ओळतोड ठेवून देतो आणि ‘शेरा लिहा’ ही फिकट सूचना उमटत नाही, म्हणून रिकामा खाना आपण खरोखर रिकामा करायचा.

लॉगिन नसलेल्याला हा गुणधर्म लावलेलाच नसतो, पण ती सुरक्षा नव्हे. डिझाइनमोडची करामत आधीच पाहिली. खरी तपासणी सर्व्हरवर: कोण पाठवतंय, आकडा नीट आहे का.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गोदामात आत गेलं की नेटवर्क जातं. तिथून अण्णा भाव बदलतात. म्हणून खान्याच्या तीन अवस्था केल्या: पाठवतोय, जतन झालं, अजून पाठवायचं आहे. तिसरीत खाना पिवळा राहतो, बदल त्या फोनच्या लोकल स्टोरेजमध्ये थांबतो आणि जोडणी आली की पुन्हा पाठवला जातो. पिवळा खाना म्हणजे व्यापाऱ्याला अजून जुनाच भाव दिसतोय, हे अण्णांना एकदाच सांगावं लागलं. गोदामाच्या दारात येऊन तो पांढरा होतोय का, हे ते आता आपणहून बघतात.

त्यातून दोघांनी एकच भाव बदलायचा प्रसंग आला. गोदामात अण्णांचा बदल अडकलेला, तेवढ्यात गल्ल्यावर वहिनींनी दुसरा आकडा लिहिला. प्रत्येक ओळीला आवृत्तीचा क्रमांक आहे. जुन्या क्रमांकावर आधारलेला बदल सर्व्हर घेत नाही. अण्णांच्या फोनवर दोन्ही आकडे शेजारी दाखवतो आणि कोणता ठेवायचा ते विचारतो. अशा वेळी अण्णा वहिनींना फोन लावतात.

काही दिवसांनी एका व्यापाऱ्यानं कमी भावाचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यानं तो बनवला नव्हता. नोंदवहीत बघितलं तर तो भाव खरंच लागलेला होता, फक्त आदल्या महिन्यात. तारीख दाखवली आणि नव्या भावानं सौदा झाला. व्हॉट्सॲपवरचे कागदाचे फोटो आता बंद आहेत. वहिनी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलता बोलता तोच खाना उघडून भाव दुरुस्त करतात.

जे यात बसलं नाही

सूत महागलं की सगळे भाव एकदम चढतात. तेव्हा खान्याखान्यात जाऊन लिहिणं म्हणजे निव्वळ शिक्षा. लग्नसराईच्या तोंडावर असं झालं तेव्हा वहिनींनी दुपारभर एकेक खाना बदलला, आणि त्या मधल्या वेळात अर्ध्या मालाचा भाव नवा, अर्ध्याचा जुना असं पान व्यापाऱ्यांना दिसत राहिलं.

त्यासाठी वेगळा फॉर्म केला. मालाचा गट निवडायचा, टक्के लिहायचे. पान प्रत्येक भाव जवळच्या पाच रुपयांवर आणून जुन्याशेजारी नवा दाखवतं. हे नवे आकडे कच्चे असतात आणि त्याच पद्धतीनं जागेवर सुधारता येतात, कारण अण्णा काही जुन्या गिऱ्हाइकांच्या मालावर पूर्ण वाढ लावत नाहीत. सगळं बघून झालं की एक बटण, आणि सगळे भाव एकाच वेळी लागू होतात. कच्चे आकडे दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच राहतील अशी सोय वहिनींनी मागितली आहे, कारण अण्णा ते रात्री घरी बसून बघतात. ती करायची राहिली आहे.